इथेनॉल आणि ई-२०चं मॉडेल: शॉक ट्यूबपेक्षा उशिरा पेटतं, आरसीएमपेक्षा लवकर. कुठला रेट बदलावा?

ज्योत_करवीर:

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात पीएच.डी. करते आहे. विषय आहे ई-२० पेट्रोलच्या (आकारमानाने २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) ज्वलनाचं रासायनिक मॉडेलिंग. जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या आहेत, त्यामुळे इथेनॉल हा इथला जिव्हाळ्याचा विषय. पण आमच्याकडे शॉक ट्यूब (शॉक लाटेने वायू क्षणात तापवणारी नळी) नाही, रॅपिड कॉम्प्रेशन मशीनही (आरसीएम, पिस्टनने वायू झटकन दाबणारं यंत्र) नाही. छापून आलेल्या डेटावरच मॉडेल तपासायचं आहे.

आधी नुसतं इथेनॉल, मग ई-२०चं सरोगेट, म्हणजे खऱ्या इंधनाऐवजी मोजक्या घटकांचं मिश्रण (आयसोऑक्टेन, एन-हेप्टेन, टोल्युइन, इथेनॉल) असा क्रम ठरवला आहे. मेकॅनिझम (रिॲक्शन आणि त्यांच्या रेटची यादी) पेट्रोल सरोगेटचं, प्रकाशित झालेलं, १३००च्या वर स्पिशीज (रेणू आणि रॅडिकल) असलेलं. कँटेरा या सॉफ्टवेअरमध्ये स्थिर आकारमानाचा ॲडिअबॅटिक (उष्णता न गमावणारा) रिॲक्टर, फाय १ (इंधन पूर्ण जळायला नेमकी पुरेल इतकी हवा), २० बार.

नुसत्या इथेनॉलचे निकाल असे: १००० केल्विनच्या वर शॉक ट्यूबशी २० टक्क्यांच्या आत जुळतं. ८५० ते ९०० केल्विनला मॉडेलचा इग्निशन डिले (पेटायला लागणारा वेळ) शॉक ट्यूबच्या जवळजवळ पावणेदोन पट येतो. त्याच पट्ट्याच्या खालच्या टोकाला आरसीएमचा डेटा घेतला, तर मॉडेलचा डिले उलट त्याच्या निम्मा. इथेनॉल + एचओटू या रिॲक्शनचा ए-फॅक्टर (रेटच्या सूत्रातला गुणक) २.५ने भागला की आरसीएम छान जुळतं, पण शॉक ट्यूब आणखी बिघडते. गुणला तर उलटं.

तीन प्रश्न आहेत. कुठला रेट बदलणं योग्य ठरेल? इतकं मोठं मेकॅनिझम लॅपटॉपवर फारच हळू चालतं, त्याला उपाय काय? आणि गाइडना इथल्या लॅबमध्ये बर्नरवर इथेनॉल–हवेचा फ्लेम स्पीड मोजायचा आहे, त्यात काय सांभाळावं?

मोलअंश:

रेटला इतक्यात हात लावू नका. दोन यंत्रांचे आकडे मॉडेलच्या दोन विरुद्ध बाजूंना पडत असतील, तर एका रेटने दोन्हींचा मेळ बसणार नाही. रसायन दोन्हीकडे तेच आहे, यंत्र मात्र वेगळं आहे. तुमचं मॉडेल उष्णता न गमावणारा आणि आकारमान न बदलणारा बंद डबा आहे, आणि त्या दोन यंत्रांपैकी एकही तसं वागत नाही.

शॉक ट्यूबमध्ये रिफ्लेक्टेड शॉकच्या मागे दाब स्थिर राहत नाही. भिंतीलगतच्या बाउंडरी लेयरमुळे आणि शॉक मंदावल्यामुळे तो हळूहळू चढतो, आणि दर मिलिसेकंदाला २–३ टक्के वाढ अगदी नेहमीची. डिले २०० मायक्रोसेकंद असेल तर ती जाणवतही नाही. म्हणून १००० केल्विनच्या वर तुमचं छान जुळतं. डिले ५ मिलिसेकंद झाला की ३ टक्क्यांच्या हिशेबाने दाब १५ टक्क्यांनी वाढलेला असतो. गॅमा (वायूच्या दोन विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर) १.३५ धरून आयसेंट्रॉपिक (एन्ट्रॉपी कायम ठेवून) गणित केलं, तर ८८० केल्विनने सुरू झालेला वायू शेवटी ९१२च्या आसपास पोहोचतो. या पट्ट्यात ३० केल्विन म्हणजे डिलेत सहज दीड-पावणेदोन पटींचा फरक. तुमची पहिली तफावत जवळपास एवढीच आहे.

आरसीएममध्ये उलटं घडतं. पिस्टन थांबला की वायू गार भिंतींना उष्णता देत राहतो. समजा, ४० मिलिसेकंदांत दाब २० बारवरून १६ बारवर उतरला. मग ८४० केल्विनचा गाभा ८००च्या खाली जातो. प्रयोगात पेटायला उशीर होतो आणि तुमचा डबा मात्र ८४०लाच बसून लवकर पेटतो.

आता करायचं काय. आरसीएमच्या प्रत्येक बिंदूसाठी नॉन-रिॲक्टिव्ह प्रेशर ट्रेस मिळवा. त्यात ऑक्सिजनच्या जागी तेवढाच नायट्रोजन भरून तोच शॉट घेतलेला असतो. ट्रेसवरचा गोंगाट हलका गाळून घ्या, पण कॉम्प्रेशनच्या शेवटचा कोपरा बोथट होऊ देऊ नका. सुरुवातीच्या स्थितीची एन्ट्रॉपी कायम ठेवून प्रत्येक दाबाला कँटेराकडून विशिष्ट आकारमान काढा (एन्ट्रॉपी आणि दाब ही जोडी सेट करायची). गॅमा एकच धरून सूत्राने काढू नका, ३०० ते ८५० केल्विनच्या दरम्यान तो बराच बदलतो. या आकारमानाचा काळानुसार उतार म्हणजे भिंतीचा वेग. तोच 'वॉल'ला (कँटेरातल्या हलत्या भिंतीला) द्या आणि सिम्युलेशन कॉम्प्रेशनच्या आधीपासून सुरू करा. शून्य वेळ मात्र कॉम्प्रेशन संपतं तिथे धरा.

इथे तीन ठिकाणी गफलत होते. वॉलच्या डाव्या-उजव्या बाजूंना रिॲक्टर आणि रिझर्व्हॉयर कसे लावले त्यावर वेगाचं चिन्ह ठरतं. कॉम्प्रेशनमध्ये दाब उतरताना दिसला तर चिन्ह उलटं आहे. दुसरं, सुरुवातीला काहीच घडत नसल्याने इंटिग्रेटर मोठाल्या ढांगा टाकतो आणि तुमच्या वेगाच्या तक्त्यातला अख्खा कॉम्प्रेशन ओलांडून जातो. त्यामुळे नेटवर्कची कमाल टाइम स्टेप ट्रेसच्या सॅम्पलिंगपेक्षा मोठी ठेवू नका. तिसरं, इग्निशनची व्याख्या. पेपरमध्ये दाबाच्या उताराचं शिखर घेतलंय की ओएचच्या प्रकाशाचं, ते पाहून तुम्हीही तेच घ्या.

खात्री करायला सगळ्या रिॲक्शनचे मल्टिप्लायर (रेटला गुणणारे आकडे) शून्य करून एकदा चालवा. मिळालेला दाब नॉन-रिॲक्टिव्ह ट्रेसवर तंतोतंत बसला पाहिजे. बसत नसेल तर पुढचा एकही आकडा वापरू नका.

शॉक ट्यूबसाठी हेच, फक्त सोपं: पेपरमध्ये दिलेल्या दाबवाढीच्या दराने आकारमान हळूहळू कमी करत न्यायचं. आणि पातळ करायला वापरलेला वायू पेपरमधलाच घ्या. आरसीएमवाले तापमान साधायला नायट्रोजनमध्ये आर्गॉन किंवा कार्बन डायऑक्साइड मिसळतात. त्याने सीपी (विशिष्ट उष्णता) बदलतो आणि थर्ड बॉडीची (टकरीत ऊर्जा देणाऱ्या-घेणाऱ्या तिसऱ्या रेणूची) कार्यक्षमताही.

रात्रपाळी:

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. नुसत्या इथेनॉलसाठी १३०० स्पिशीज ओढत बसायची गरजच नाही. त्याच मेकॅनिझममधून चारपर्यंत कार्बन असलेल्या स्पिशीज निवडा, ज्या रिॲक्शनमधले सगळे घटक त्या यादीत आहेत तेवढ्याच ठेवा आणि नवीन सोल्यूशन बांधा. गाळलेल्या स्पिशीज थर्ड बॉडीच्या यादीत अजून असतील, म्हणून 'स्किप अनडिक्लेअर्ड थर्ड बॉडीज' चालू करावं लागतं. मग तीन-चार तापमानांना मूळ आणि छाटलेलं दोन्ही चालवून बघा. डिलेत १ टक्क्याहून जास्त फरक यायला नको. दाट जेकोबियनचं (प्रत्येक स्पिशीजचा बाकीच्यांवरचा परिणाम मांडणाऱ्या मॅट्रिक्सचं) काम स्पिशीजच्या संख्येच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, त्यामुळे १३८९वरून ३००वर आलात तर त्या भागात सुमारे शंभरपट बचत होते.

ई-२०ला पूर्ण मेकॅनिझम लागेलच. कँटेरा ३.०पासून ॲडॅप्टिव्ह प्रीकंडिशनर (जेकोबियन विरळ ठेवून गणिताचा वेग वाढवणारी सोय) आलाय. तो 'मोल रिॲक्टर' प्रकारांबरोबर चालतो, साध्या रिॲक्टरबरोबर नाही. डेरिव्हेटिव्ह सेटिंगमध्ये थर्ड बॉडी आणि फॉल-ऑफ वगळले की जेकोबियन विरळ राहतो आणि मोठ्या मेकॅनिझमला फार फरक पडतो. निकाल एकदा साध्या पद्धतीशी ताडून घ्या. टॉलरन्स सैल करून वेग काढायचा मोह टाळा. इग्निशनच्या आधी रॅडिकलचं प्रमाण इतकं सूक्ष्म असतं की निरपेक्ष टॉलरन्स ढिला केला की तेच आकडे खोटे होतात.

सेन्सिटिव्हिटीसाठी (डिले कुठल्या रेटवर किती अवलंबून आहे ते बघायला) हजारो रिॲक्शन एकेक करून चालवू नका. आधी लोकल सेन्सिटिव्हिटीने वरच्या ४०–५० निवडा, मग फक्त त्यांना ब्रूट फोर्स करा. मल्टिप्लायर एकदा २, एकदा ०.५. दोन डिलेच्या गुणोत्तराचा लॉग भागिले ४चा लॉग. उत्तर ऋण आलं तर ती रिॲक्शन पेटायला मदत करते. डुप्लिकेट म्हणून लिहिलेल्या जोड्या एकत्रच गुणा, एकीलाच गुणलं तर अर्धवट उत्तर येतं. आणि मल्टिप्लायर परत १ करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या सगळ्या रनमध्ये तो बदल बसून राहतो. प्रत्येक उत्तर लगेच डिस्कवर लिहा. पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही.

शिरोळकर:

ताई, ई-२०कडं वळताना एक बघा. २० टक्के हे आकारमानाने. मॉडेलला मोल फ्रॅक्शन लागतं. १०० मिली सरोगेटमध्ये आयसोऑक्टेन ४५, हेप्टेन १५, टोल्युइन २०, इथेनॉल २० घेतलं तर मोल येतात ०.२७३, ०.१०२, ०.१८८ आणि ०.३४३. म्हणजे इथेनॉल मोलने जवळपास ३८ टक्के! हलका रेणू आहे, म्हणून. २०च घातलं तर हेप्टेन ११ टक्क्यांच्या जागी साडेचौदा होतं आणि ७००–८०० केल्विनला मॉडेल उगाच लवकर पेटतं. लई थिसिसमध्ये हा घोळ सापडतो.

आणि जीआरआय-मेक ३.० कुणी सुचवलं तर घेऊ नका. नैसर्गिक वायूसाठी जुळवलेलं ५३ स्पिशीजचं मेकॅनिझम आहे ते, त्यात इथेनॉल नाहीच. प्रेसमडच्या (उसाचा रस गाळून उरलेल्या गाळाच्या) बायोगॅसवर काम करणाऱ्यांना ते बऱ्यापैकी चालतं, पण त्यातही सल्फर नाही. हायड्रोजन सल्फाइड न काढलेला कच्चा गॅस असेल तर त्याचा परिणाम दिसणारच नाही.

बर्नर_बाक:

तिसरा प्रश्न माझ्या आवडीचा. कोल्हापूरच्या लॅबला दोन गोष्टी लागू होतात, ज्या परदेशी पेपरमध्ये लिहिलेल्या नसतात.

पहिली, दाब. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर आहे. त्या उंचीला प्रमाण वातावरणात दाब ९४.७ किलोपास्कल, म्हणजे ०.९३४ ॲटमॉस्फिअर. मॉडेलमध्ये १ ॲटमॉस्फिअर टाकून इथल्या मोजमापाशी तुलना केली तर फ्लेम स्पीडमध्ये दीडेक टक्क्याची चूक घरातूनच आली. खोलीत बॅरोमीटर लावा. मोबाइलवरच्या हवामानाच्या ॲपमधला आकडा घेऊ नका. तो समुद्रसपाटीला दुरुस्त केलेला असतो आणि हजाराच्या वरच दिसतो.

दुसरी, ओल. जुलैत २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर हवेत मोलने ३.२ टक्के पाणी असतं. कॉम्प्रेसरची हवा कोरडी न करता वापरली तर ऑक्सिजन २०.९५वरून २०.३ टक्क्यांच्या आसपास उतरतो. तुम्ही फाय १.०० समजता, प्रत्यक्षात १.०३ असतो, आणि वर पाण्यामुळे ज्योत थंड होते ती वेगळीच. टाकीतलं दाबाखालचं काही पाणी खाली साचतं, पण किती ते रोज बदलतं. आधी ऑइल फिल्टर, मग रेफ्रिजरेटेड ड्रायर, मग सिलिका जेलचा स्तंभ, अशी ओळ लावा. जेलचा रंग बदलला की भट्टीत वाळवा. पर्याय म्हणजे सिलिंडरची सिंथेटिक हवा. महाग पडते, पण अंतिम मोजमापं तिच्यावरच घ्यावीत असं माझं स्पष्ट मत आहे.

इथेनॉलची वाफ तयार ठेवणं हा खरा कस. फाय १ला मिश्रणात इथेनॉल मोलने ६.५ टक्के, म्हणजे इथल्या दाबाला ६.२ किलोपास्कल. २५ अंशांना इथेनॉलचा बाष्पदाब सुमारे ७.९ किलोपास्कल. फाय १.३ला लागणारा आंशिक दाब नेमका तेवढाच येतो. म्हणजे साध्या तापमानाला रिच (जास्त इंधनाच्या) बाजूची मोजमापं घेताना नळीच्या गार कोपऱ्यात इथेनॉल थेंब धरतं आणि फाय गुपचूप घसरतो. तक्त्यात ते रिच बाजूला फ्लेम स्पीड हवा तितका उतरत नाही, अशा रूपात दिसतं. म्हणून सिरिंज पंप, बाष्पक, आणि तिथून बर्नरच्या तोंडापर्यंत सगळी लाइन ३५० केल्विनच्या वर. हीटिंग टेप व्हॉल्व्ह आणि जोडांवरही गुंडाळा, गार कोपरा नेमका तिथेच असतो. न जळलेल्या मिश्रणाचं तापमान बर्नरच्या तोंडाशी मोजा, हीटरच्या कंट्रोलरवरचं नको.

मास फ्लो कंट्रोलर 'स्टँडर्ड लिटर'मध्ये बोलतो. ते ० अंशाचे की २५ अंशांचे हे मॅन्युअलमध्ये बघा. दोन्हींत ९ टक्क्यांचा फरक आहे आणि तो जसाच्या तसा फायमध्ये येतो.

इंधन: ॲब्सोल्यूट इथेनॉल घ्या. त्यासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी लागते, अर्ज वेळेत करा. डिनेचर्ड घेऊ नका, त्यात मिसळलेले पदार्थ मॉडेलमध्ये नसतात. साधं रेक्टिफाइड स्पिरिटही नको. वजनाने ९५.६ टक्के म्हणजे ऐकायला शुद्ध वाटतं, पण मोलने त्यात साडेदहा टक्के पाणी आहे. ॲब्सोल्यूट बाटलीही उघडी राहिली तर हवेतली ओल ओढते. लहान बाटल्या मागवा.

मॉडेलच्या बाजूने: फ्रीफ्लेम (कँटेरातलं मोकळ्या सपाट ज्योतीचं मॉडेल) आधी मिक्श्चर-ॲव्हरेज्ड, जाड जाळीवर सोडवा, मग स्लोप आणि कर्व्ह ०.०५पर्यंत आणा, शेवटी मल्टिकंपोनंट आणि सोरे इफेक्ट (तापमानाच्या फरकामुळे होणारं विसरण) चालू करून पुन्हा. जाळी आणखी बारीक केल्यावर उत्तर १ टक्क्याहून कमी बदललं तरच थांबा. डोमेन अरुंद असेल तर तापमानाचा उतार सीमेपाशी शून्य होत नाही आणि स्पीड चुकीचा येतो. आलेख काढून डोळ्यांनी बघा.

ज्योत_करवीर:

सगळ्यांचे मनापासून आभार. मोल फ्रॅक्शन तपासले, ते बरोबर आहेत. ज्या आरसीएम पेपरमध्ये नॉन-रिॲक्टिव्ह ट्रेस दिले आहेत ते बिंदू मोलअंश यांच्या पद्धतीने पुन्हा चालवले. मल्टिप्लायर शून्य करून दाब ट्रेसवर नीट बसतो. आता मॉडेल आरसीएमपेक्षा २०–२५ टक्केच लवकर पेटतं, आधी निम्मा डिले होता. शॉक ट्यूबला दाबवाढ घातल्यावर ८८० केल्विनला फरक १५ टक्क्यांवर आला.

दोन शंका उरतात. आता तरी उरलेल्या फरकासाठी रेट बदलावा का? आणि एका जुन्या पेपरमध्ये ट्रेस नाहीतच, नुसता तक्ता आहे. त्याचं काय करावं?

मोलअंश:

छान. आता रसायनाबद्दल बोलता येईल.

शॉक ट्यूबच्या मोजमापाचीच अनिश्चितता साधारण २० टक्के धरतात, आणि ती मुख्यतः तापमानातून येते. तुमचे १५ टक्के त्याच्या आत आहेत, त्यामुळे तिथे जुळवायला काहीच शिल्लक नाही. आरसीएमच्या २०–२५ टक्क्यांपैकीही जवळपास निम्मे गाभ्याच्या तापमानातल्या ५ केल्विनच्या चुकीने भरून निघू शकतात. सगळे बिंदू एकाच बाजूला झुकत असतील तरच पुढे जा.

झुकत असतील तर सेन्सिटिव्हिटीत वर काय दिसेल ते आधीच सांगतो: इथेनॉल + एचओटू, एचटूओटूचं दोन ओएचमध्ये तुटणं, एचओटू + एचओटू, आणि इथेनॉल + ओएचच्या शाखा. यांतली प्रत्येक सारखी मोकळी नाही. एचटूओटूचं विघटन चांगलं मोजलेलं आहे, आणि हायड्रोजनपासून डिझेलपर्यंत प्रत्येक इंधनाच्या मॉडेलमध्ये ती बसलेली असते. इथेनॉल जुळवायला ती हलवली तर बाकीचं सगळं हलेल. इथेनॉल + ओएचचा एकूण रेटही नीट ठाऊक आहे. अनिश्चित आहे ती वाटणी. अल्फा कार्बनवरचा हायड्रोजन गेला की तो रॅडिकल ऑक्सिजनशी मिळून ॲसिटाल्डिहाइड आणि एचओटू देतो. बीटावरचा गेला तर तो इथिलीन आणि ओएचमध्ये तुटू शकतो, म्हणजे खर्च झालेला ओएच परत मिळतो. एक शाखा वाढवलीत तर दुसरी तेवढीच कमी करा, बेरीज तीच राहिली पाहिजे. एकट्या शाखेचा ए-फॅक्टर वाढवून मोकळं होणं म्हणजे मोजलेल्या एकूण रेटलाच खोटं पाडणं.

इथेनॉल + एचओटूचा आधार मुख्यतः सैद्धांतिक गणित आहे, आणि अशा रेटला दोन-तीन पटींची अनिश्चितता मानतात. बदल करायचाच तर इथे, त्या मर्यादेच्या आत, आणि कुठल्या गणितावरून नवा आकडा घेतला ते लिहून. पेपरमधला रेट थेट फाइलमध्ये टाकताना युनिट बघा. केमकिन पद्धतीत ए हा घन सेंमी प्रति मोल आणि ऊर्जा कॅलरीत असते, पेपरमध्ये किलोज्यूल किंवा केल्विनही असतात, आणि कँटेरा आतून किलोमोल आणि घन मीटर वापरतो. बायमॉलेक्युलर रेटला यात हजारपटीची चूक होऊ शकते. बदलल्यानंतर १०००च्या वरचे बिंदू, फ्लेम स्पीड आणि ॲसिटाल्डिहाइडचं मॉडेल, तिन्ही पुन्हा चालवा. तिथे बिघडलं तर बदल मागे घ्या.

ट्रेस नसलेल्या पेपरसाठी: आधी सप्लिमेंट नीट उघडून बघा, बऱ्याचदा आकारमानाचे तक्ते तिथे टेक्स्ट फाइलमध्ये पडलेले असतात. नसतील तर लेखकांना ईमेल करा, कुठले बिंदू हवेत ते तापमान आणि दाबासह लिहून. तरीही मिळाले नाहीत तर दुसऱ्या यंत्राचा ट्रेस उसना घेऊ नका. प्रत्येक आरसीएमची उष्णता गमावण्याची गती पिस्टनच्या आकारावर आणि क्रेव्हिसवर (पिस्टनच्या कडेच्या खाचेवर) ठरते. त्या बिंदूंपैकी ५ मिलिसेकंदांच्या आतलेच तुलनेला घ्या, बाकीचे आलेखात पोकळ खुणांनी दाखवा आणि मॉडेल सुधारताना बाजूला ठेवा.

ई-२०च्या रनला हीच आकारमानाची पद्धत लागेल, फक्त एक फरक लक्षात ठेवा. हेप्टेनमुळे दोन टप्प्यांचं इग्निशन दिसेल, आणि पहिला टप्पा कॉम्प्रेशन संपायच्या आधीच सुरू होऊ शकतो. तसं झालं तर कॉम्प्रेशनच्या शेवटचं तापमान नॉन-रिॲक्टिव्ह ट्रेसवरूनच घ्या, रिॲक्टिव्ह ट्रेसवरून काढू नका.